लेबल कुठल्या बाजूला

म्हेत्रेमामांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, आणि आत डोकावून पप्पा म्हणाले, "म्हेत्रे, हे पुस्तक आहे का पाव?"

खरंच पाव होता तो. पाण्यानं टम्म फुगलेला, कडेनं तपकिरी, वरचं खाकी कव्हर लगदा होऊन चिकटलेलं. पूर ओसरून तीन आठवडे झाले होते. इचलकरंजीत तेव्हा प्रत्येक घरात काहीतरी वाळत पडलेलं असायचं. गाद्या, सातबारे, लग्नाचे अल्बम. आणि वाळून वाकडं झालेलं सगळं आमच्या दुकानात यायचं, मगदूम बुक बाइंडिंगमध्ये. शाळांची जनरल रजिस्टरं, जैन बस्तीतल्या पोथ्या, वकिलांच्या फायली. पप्पांच्या हाताची खळ तेव्हा महिनाभर वाळलीच नसेल.

मी कोपऱ्यात बसून पुठ्ठ्यांना कागद लावत होते. मी म्हणजे सन्मती. आता मी दहावीत आहे आणि "मगदूम, जरा दुसऱ्यांना पण बोलू दे" हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकते. पण तेव्हा मी पाचवीत होते, शाळा नवी होती आणि मी बोलायचेच नाही. त्याचं कारण माझा डावा हात. मी डावखुरी. वही हातात आली की माझा अंगठा आपोआप शेवटच्या पानावर जायचा आणि मी तिथूनच लिहायला सुरुवात करायचे. पहिल्याच आठवड्यात बाईंनी ती वही वर धरून अख्ख्या वर्गाला दाखवली. तेव्हापासून माझं नाव पडलं, उलटी मगदूम. तोंड उघडलं की कोणीतरी हसणारच, मग ते बंद ठेवलेलं बरं, असा माझा हिशेब.

तर, तो डबा. म्हेत्रेमामा जॉबर होते. माग बिघडला की ज्याला बोलावतात तो जॉबर. रस्त्यावरून जाताना नुसत्या खटखटीवरून आतल्या कुठल्या मागाचा कुठला नट सैल झालाय ते हा माणूस सांगायचा, असं लोक म्हणायचे. गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचे दोन माग टाकले होते, नदीकडच्या सखल गल्लीत. पुरात त्या शेडमध्ये माणूसभर पाणी होतं.

"रविवारपर्यंत पाहिजे," ते म्हणाले. "सोमवारी भंगारवाल्याचा टेंपो यायलाय. दोन्ही माग घालवतो आणि मंगळवारी लेकाकडं पुण्याला. परत काय येत नाही आता."

एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं त्यांनी. बोटांनी पुस्तकाची कड चाचपत पप्पा एवढंच म्हणाले, की पानं सुटी करून वाळवावी लागतील, कोपरे कुजलेत ते छाटावे लागतील, पानांचे आकडे असतील तर गेलेच समजा.

"शिलाई डावीकडंच न्हवं?" पप्पांनी विचारलं.

"मग काय उजवीकडं असतीया?" म्हेत्रेमामा म्हणाले, आणि दोघंही हसले.

"आणि वर लेबल? नाव काय पुस्तकाचं?"

"मला काय ठाऊक. जपानी हाय ते. माझं नाव लाव, इराप्पा म्हेत्रे."

ते गेल्यावर पप्पांनी पातळ पट्टीनं एकेक पान सोडवलं, रद्दीच्या घड्यांत दाबून पाणी काढलं, आणि दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या. त्यांवर चिमटे लावून पानं टांगायचं काम माझं. ब्याण्णव पानं. पप्पांनी क्रम मोडू नको म्हणून सांगितलं, आणि त्यांचा नेहमीचा नियमही सांगितला, की गिऱ्हाइकाच्या पुस्तकात डोकं घालायचं नाही. आमच्याकडे लोकांच्या पत्रिका येतात, कोर्टाची भांडणं येतात, डायऱ्या येतात. बाइंडरनं पानाची कड बघायची, पान बघायचं नाही.

मी तीन पानं कडेनं टांगली. चौथ्या पानावर माझं डोकं आत गेलं.

त्याआधी मी चित्रांच्या गोष्टी वाचल्या नव्हत्या असं नाही. पण त्यातली माणसं चौकटीत नुसती उभी राहून बोलायची. इथं कोणी बोलतच नव्हतं. संपूर्ण पानभर आकाश, आणि तळाशी नखाएवढं एक यंत्र चाललेलं. पोट हंड्यासारखं गोल, खाली तीन पाय, दोन लांब हात, आणि डोक्याच्या जागी एकच भिंगाचा डोळा. एवढुसं ते यंत्र, पण त्याच्या पायाचा एकेक स्क्रू काढलेला. पुढच्या पानावर तेच यंत्र जवळून, भिंगावर धूळ, आणि त्या धुळीत बोटानं पुसल्याची रेघ. त्या एका डोळ्यात चित्रकारानं काय केलं होतं देव जाणे. तो डोळा कधी थकायचा, कधी लाजायचा, एकदा तर चक्क रुसला होता. यंत्र चालायचं तेव्हा मागे बारीक रेघांचे फराटे उठायचे, आणि ते नुसते बघून मला त्याच्या पायांचा आवाज ऐकू यायचा. एका पानावर राख पडत होती. फक्त ठिपके. हजारो ठिपके एकेक करून हातानं काढलेले, आणि त्यांच्या मधोमध एक काचेची पेटी, तीत झोपलेलं लहान मूल. मी ते पान हातात धरून इतका वेळ उभी राहिले, की पप्पांनी दोनदा हाक मारली.

अशा जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं, की जपानमध्ये कोणीतरी गप्प बसून माझ्याशी बोललंय.

गुरुवारी पप्पा एका शाळेत भिजलेली रजिस्टरं आणायला गेले. लाइट सकाळपासून नव्हते. पानं वाळली होती. मी मनात म्हटलं, नुसती बघून परत लावते. सगळे चिमटे काढले आणि ब्याण्णव पानं जमिनीवर मांडली. मी त्यांच्या मधोमध मांडी घालून बसले, आणि लाइट आले. डोक्यावरचा पंखा पाचवर सोडलेला होता.

पुढचं सांगण्यासारखं नाही. पानं टेबलाखाली, खळीच्या बादलीमागे, कपाटावर. गोळा केली तेव्हा ब्याण्णव भरली, एवढंच नशीब. आकडे तर कुजक्या कोपऱ्यांबरोबर छाटले गेले होते. फोन धरून भाषांतर करावं म्हटलं, तर पप्पांचा चांगला फोन पुरात गेला होता आणि घरात उरला होता बटणांचा. त्या पानांचा क्रम जगात एकाच माणसाला ठाऊक होता. मी सायकल काढली.

म्हेत्रेमामांच्या शेडमध्ये अजून चिखलाचा वास होता. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. दोन्ही माग गंजून तांबडे पडलेले, आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून स्टुलावर बसलेले.

"मगदुमाची न्हवं तू? काय म्हणतोय पाव?"

मी म्हणाले, "मी पानं लावतो. गोष्ट काय हाय ते सांगता काय?" आमच्याकडं मुलीही 'करतो, जातो'च म्हणतात. आणि अनोळखी माणसाशी आपणहून बोललेलं ते माझं त्या वर्षातलं पहिलं वाक्य असावं. पंख्याचं मात्र मी गिळलं.

मामा खूश झाले. तीस वर्षांत त्यांना ती गोष्ट कोणी विचारलीच नव्हती. स्टूल वळवून त्यांनी सुरुवात केली. आधी मोठं हिरवं रान असतं, ओढा असतो, घरं, पुष्कळ पोरं, आणि त्या पोरांच्या गर्दीत हे यंत्र, कोणी खांद्यावर बसलेलं, कोणी पायाला लोंबकळलेलं. मग हळूहळू झाडं बारकी होत जातात. पोरं कमी होतात. घरं जातात, ओढा आटतो. शेवटी एकच पोर राहतं, ते काचेच्या पेटीत झोपतं. आणि शेवटच्या पानावर सगळीकडं राख, आणि यंत्र एकटंच आडवं पडलेलं.

"गडी कामाला वाघ," मामा म्हणाले. "सारखं जोडत असतोय. पण नशीब बघ. ह्या पानावर नट पिळून हात बसवला, की पुढच्या पानावर हात परत तुटलेला. मी म्हणायचो, जपानी असून माल हलका कसा वापरला?"

ते हसले. हे पुस्तक आलं कुठून, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी हिरोसेसाहेबांबद्दल सांगितलं.

गिरणीत जपानी माग आले होते, ते बसवायला जपानहून हा माणूस आला होता. सात आठवडे दोघं एकमेकांना चिकटून होते. भाषा एकही सारखी नाही. हिरोसे खडूनं फरशीवर पार्ट काढायचा आणि मामा तो कपाटातून आणून द्यायचे. मामांच्या डब्यातला ठेचा खाऊन तो रडला होता, आणि दुसऱ्या दिवशी परत ठेचा मागितला होता. मामांनी एकदा त्याच्याआधी बिघाड शोधला, तेव्हा सगळ्या कामगारांसमोर तो कमरेत वाकला होता.

"जायच्या दिवशी गाडीत बसताना त्यानं हे पुस्तक दिलं," मामा म्हणाले. "स्वतःचं, लहानपणापासनं वापरलेलं. उघडलं, आणि बोट ठेवलं शेवटच्या पानावर. ते राखंत पडलंय न्हवं यंत्र, त्याच्यावर. मग तेच बोट माझ्या छातीवर. आणि हसला. गाडी गेली."

मागाच्या चाकावरचा चिखल ते नखानं खरवडत होते.

"आधी वाटलं, थट्टा करतोय. मग वाटलं, खरंच म्हणाला असंल. हे तुझं होणार, शेवटी असा पडशील एकटा. त्याची दोन पत्रं आली मागनं. मी काय उत्तर पाठवलं नाही." मग त्यांनी हातानं दोन्ही माग दाखवले. "बघ की. बरोबरच म्हणाला होता."

मी शेवटचं पान मात्र नीट लक्षात ठेवलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी माळ्यावर पानं लावायला बसले. पप्पांनी शिकवलं होतं, की सुट्या पानाची शिलाईची बाजू जुन्या टाक्यांच्या भोकांवरून कळते. ती सगळी भोकं डावीकडे घेतली आणि मामांच्या गोष्टीप्रमाणे रानापासून सुरुवात केली. पोरं मोजत गेले. सात पोरं, सहा पोरं, पाच पोरं. रानापासून राखेपर्यंत गठ्ठा हळूहळू लागत गेला. एवढं चांगलं जमत होतं, तरी कुठंतरी खुपत होतं, बुटात खडा असावा तसं.

शनिवारी सकाळची शाळा. घरी आल्यावर मला खडा सापडला. एका बाजूला वरच्या चौकटीत यंत्राच्या हातात पाण्याचं भांडं होतं, मधल्या चौकटीत ते रोपावर ओतलेलं, आणि तळाच्या चौकटीत रोपाला एक पान जास्त. म्हणजे वाढलं. पण पान उलटलं, की रोपच नाही. नुसती उकरलेली माती. मग हात तुटल्याचं पान काढलं. वर नट पिळतोय, खाली हात बसला, आणि पुढच्या पानावर तुटलेला. बाजूच्या आत वेळ पुढं जात होती, आणि पान उलटलं की मागं.

मी पटापट पानं चाळत राहिले. अधूनमधून एखाद्या पानावर चित्राच्या वर मोठी तीन अक्षरं होती, बहुतेक नव्या भागाची. कडेची दोन अक्षरं प्रत्येक वेळी तीच, मधलंच तेवढं बदलायचं. गठ्ठ्याच्या अगदी तळाशी, राखेजवळ, मध्ये एक आडवी रेघ. त्याच्या वरच्या भागाला दोन आडव्या रेघा. त्याच्याही वर, तीन.

एक, दोन, तीन. जपानी यायची गरजच नव्हती. पुस्तक सुरू होत होतं ते राखेपासून.

त्या क्षणी माझा डावा अंगठा कुठं होता सांगू? गठ्ठ्याच्या शेवटच्या पानावर. सवयीनं.

पप्पा खाली खळ ढवळत होते. मी आधी पंख्याचं सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगताच आलं नसतं. ढवळायचं थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ब्याण्णव पानं तू एकटीनं लावलीस, विचारलं. मी मान हलवली. मग त्यांना सगळं दाखवलं, रोप, नट, तीन रेघा. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं. पटलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या पुस्तकात डोकं घालायचं नाही, असं का सांगतो मी? तीस वर्षं वाचतोय माणूस. गाव सोडून निघालाय. आता जाता जाता त्याला सांगायचं, तू चुकलास म्हणून?"

"पण शेवट चांगला आहे, पप्पा. आणि त्यांना ठाऊकच नाही."

पप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग हळूच म्हणाले, म्हणजे आता सगळा गठ्ठा उलटा लावत बसायचा की काय.

मी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावर पालथा घातला. शिलाईची भोकं आता उजवीकडे आली. वर राखेचं पान.

"एवढंच?"

"एवढंच."

पप्पांना हसू फुटलं. शिलाई त्यांनी जिथं मारायची तिथंच मारली, कारण पुस्तक ते पुस्तकच राहतं, डावीकडून धरा नाहीतर उजवीकडून. प्रश्न फक्त लेबलचा होता. लेबल ज्या पुठ्ठ्यावर, ते पुस्तकाचं तोंड. त्यांनी 'इराप्पा म्हेत्रे' असं सुबक अक्षरात लिहून लेबल माझ्या हातात दिलं.

"तू सांग त्यांना. मी सांगणार नाही. ऐकलं तर इकडं चिकटवू, नाही ऐकलं तर तिकडं."

रविवारी मामा दहा वाजता आले, धुतलेला डबा घेऊन. पुस्तक बघून म्हणाले, मगदूम, पावाचं परत पीठ केलंस की. निळ्या रेक्झिनवरून त्यांनी हात फिरवला आणि सवयीनं शिलाई डावीकडे धरून उघडलं. हिरवं रान.

मी उभी राहिले. पप्पा पाठ करून कात्रीला धार लावत बसले, आणि त्या कात्रीला धारेची गरज नव्हती हे मला ठाऊक होतं.

"मामा, ते शेवटचं पान हाय."

"काय?"

"तुम्ही शेवटापासनं वाचताय."

मामा हसले. "बाळ, तुझ्या बापाचं लगीन व्हायच्या आधीपासनं वाचतोय मी हे."

माझे कान तापले. नेहमीची वेळ असती तर मी तिथंच संपले असते. पण हातात ते लेबल होतं आणि ते कुठंतरी लावायचं होतं. मी विचारलं, "तुम्ही नट पिळून बसवलेला हात दुसऱ्या दिवशी तुटतोय काय कधी?"

"माझ्या हातचा? कधीच नाही."

"मग त्याचा कसा तुटंल?"

मी ती बाजू उघडली. त्यांना वरून खाली बघायला लावलं. नट, मग हात. मग पुस्तक उजवीकडे शिलाई येईल असं फिरवलं आणि पुढचं पान उलटलं. हात बसलेला होता. तोच हात आता माती उकरत होता. पुढच्या पानावर त्या मातीत रोप. मामांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः पान उलटलं. मग मागं आले. परत पुढं गेले. जॉबर मशीन हातानं फिरवून बघतो ना, एकदा पुढं, एकदा मागं, तसं. मी एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा दाखवल्या, पण त्यांना आता त्याची गरज नव्हती.

"माल हलका नव्हता तर," ते स्वतःशीच म्हणाले.

मग ते स्टूल ओढून बसले आणि सुरुवातीला गेले. राख. आडवं पडलेलं यंत्र. त्या बाजूला तळाशी एक बारकी चौकट होती, सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी. तीत यंत्राचं एक बोट राखेत रुतून अंग उचलत होतं. मामा त्या चौकटीवर वाकले. तीस वर्षं त्यांनी तिला पडल्याची चौकट मानलं होतं.

त्यांनी सगळं पुस्तक तिथंच वाचलं. आम्ही दुकानात आहोत हे ते विसरले असावेत. काचेची पेटी उघडली, पहिलं पोर बाहेर आलं, यंत्राच्या डोळ्याकडे बघून घाबरलं. ओढ्याला पाणी आलं. दोन पोरं, चार पोरं, सात. शेवटचं हिरवं रान आलं तेव्हा मामा त्या पानावर खूप वेळ थांबले. मग पुन्हा पहिलं पान काढलं, त्या राखेतल्या यंत्रावर बोट ठेवलं आणि तेच बोट हळूच स्वतःच्या छातीवर नेलं.

"इथनं," ते म्हणाले. "इथनं सुरू, म्हणाला होता तो."

पप्पांची कात्री थांबली होती.

मामा उठले, पुस्तक काखेत मारलं आणि सरळ निघून गेले. लेबल माझ्या हातातच राहिलं. डबाही राहिला.

म्हणून सोमवारी शाळेच्या आधी मी डबा द्यायला गेले. गल्लीच्या तोंडाशी भंगाराचा टेंपो होता. त्यात एक माग चढवलेला होता. मी सायकल टाकून आत पळाले. दुसरा माग जागेवर होता. पण तो मागच दिसत नव्हता, सगळा सुटा करून पोत्यावर मांडलेला. रॉकेलच्या परातीत नट, दांडे, चाकं. टेंपोत गेलेल्या मागाचेही चांगले पार्ट काढून शेजारी ठेवलेले. आणि मधोमध कोपरापर्यंत काळे झालेले मामा.

"डबा ठेव तिथं," मान वर न करता ते म्हणाले. "आणि तो पाना दे. तुझ्या डाव्या हाताला हाय बघ."

मी डाव्या हातानं दिला. त्या दिवशी शाळेत उशीर झाला. बाईंनी कारण विचारलं आणि मी सगळं सांगितलं, रोपापासून टेंपोपर्यंत. मध्येच कोणीतरी हसलं. मी थांबले, तो हसायचा थांबेपर्यंत, आणि पुढं सांगायला लागले. खरं सांगायचं तर त्यानंतर मी अजून थांबलेले नाही.

पुढं आठवीत मी फोन धरून पुस्तकाचं नाव वाचलं. फोननं लिहिलं, 'राखेवरचा माळी'. जपानमध्ये म्हणे आजोबांनी वाचलेलं हे पुस्तक नातवंडंही वाचतात. आता मी बऱ्याच मांगा वाचल्यात, सगळ्या आपल्या शेवटाकडून सुरू होणाऱ्या, पण त्या एका डोळ्यासारखा डोळा कुणाला काढता आलेला नाही, आणि यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नये. मामांनी हिरोसेसाहेबांच्या जुन्या पत्त्यावर मागाचा फोटो पाठवला होता. उत्तर आलेलं नाही. पत्ता बदलला असेल. ते दर दिवाळीला नवा फोटो पाठवतात.

पण हे नंतरचं. त्या वर्षी मामा पुण्याला गेले, ते फक्त दिवाळीचे आठ दिवस. जानेवारीत एका दुपारी ते दुकानात आले. तोच स्टीलचा डबा टेबलावर ठेवला, आणि त्यातून पुस्तक काढलं. त्याखाली घडी केलेलं कोरं कापड होतं, जाडसर, पांढरं, अजून सुताचा वास असलेलं.

"मागावरचं पहिलं कापड हाय," ते म्हणाले. "हे रेक्झिन काढ आणि ह्याच्यात बांध."

पप्पांनी कापड बोटांत धरून उजेडाकडे नेलं, वीण बघितली आणि परत एकदा बघितली. पप्पांच्या हिशेबानं ही मोठी स्तुती. मग ड्रॉवर उघडून त्यांनी ते जपून ठेवलेलं लेबल काढलं.

"आणि हे कुठल्या बाजूला लावू?"

"मला काय विचारतोस?" मामा म्हणाले. "तिला विचार."

मी हाताची खळ पुसली आणि पुस्तक पालथं घातलं.